शाळेतून आलेला फोन

जिंतूरजवळच्या नेमगिरीचे दर्शन आटोपून अनेक यात्रेकरू पुढे येलदरीचे धरण पाहावयास जातात. गोदावरीची उपनदी असलेल्या पूर्णेवरील हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. किती पाणी साठले, किती सोडले, किती वीज झाली, या सर्वांची नोंद तेथे दररोज होते. परंतु त्याच परिसरातील एखाद्या शाळेत सकाळी साडेअकरा वाजता एखाद्या मुलाला ताप भरला, तर ते मूल घरी किती वाजता पोहोचले, मध्यंतरी त्याच्याजवळ कोण होते आणि त्याला घ्यायला कोण आले, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही.

घडते ते असे. मूल बाकावर डोके टेकून बसते. बाई कपाळाला हात लावून पाहतात आणि त्याला कार्यालयात सतरंजीवर निजवतात. प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेल्या क्रमांकावर फोन केला जातो. तो वाजत राहतो. दुसऱ्यांदा उचलला जातो आणि पलीकडून उत्तर येते, ‘तासाभरात येतो.’ तास जातो, मधली सुट्टी होते, खिचडी वाढून होते, आणि मूल तेथेच पडून असते. शेवटी साडेचार वाजता सर्व मुलांबरोबर तेही घरी जाते, कधी मोठ्या भावाचा हात धरून, कधी एकटेच. शिक्षकी पेशातील कोणालाही विचारावे. हे चित्र त्याच्या ओळखीचे निघेल.

अशा वेळी परदेशातील अनेक शाळांत मदतीला धावून येते ती शाळेची परिचारिका. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळेत ती नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असावे याची यादी आहे. शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, ग्रंथालय हे सर्व त्या यादीत आहे. परिचारिका किंवा आजारी मुलासाठी स्वतंत्र खोली मात्र तेथे नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, हा त्या कायद्याचा हिशेब. त्यांपैकी एकाने आजारी मुलाला घेऊन दवाखाना गाठला, तर उरलेल्या साऱ्या मुलांना एकच शिक्षक राहतो. म्हणून बहुतेक वेळा शिक्षक वर्ग सोडू शकत नाहीत आणि पालकांच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याखेरीज त्यांच्या हाती काही उरत नाही.

या प्रश्नाकडे देशाचे लक्ष कधी गेलेच नाही असे नव्हे. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम सुरू झाली ती १९०९ मध्ये बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड तेव्हा तेथे राज्य करीत होते. पुढे १९४६ च्या भोर समितीने देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काढला. १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली व पुढील वर्षी तिने अहवाल दिला. २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा जाते. जन्मजात व्यंगे, कुपोषणाच्या खुणा, आजार आणि वाढीतील उणिवा शोधून मुलांना पुढील उपचारासाठी पाठवते. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आली. ही सर्व कामे मोलाची आहेत. परंतु वर्षातून एकदा येणारे पथक मंगळवारी साडेअकराला भरलेला ताप पाहू शकत नाही. तो पाहतात त्या वर्गावरच्या बाई. परिचारिकेचे प्रशिक्षण नसलेल्या, परिचारिकेचे काम अंगावर पडलेल्या.

शाळेची परिचारिका हे पद अमेरिकेत कसे निर्माण झाले, ती हकिगत येथे उपयोगी पडेल. १९०२ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात डॉक्टर शाळांमध्ये जाऊन मुले तपासत. खुपऱ्या, गजकर्ण, उवा, खरूज असे काही आढळले की मुलाला घरी पाठवून देत. मूल घरी जाई. पण घरी आई-वडील कारखान्यात गेलेले असत. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते पुष्कळांना वाचता येत नसे. उपचार होत नसे आणि मूल रस्त्यावर हिंडत राही. लिलियन वॉल्ड या समाजसेविकेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लीना रॉजर्स नावाची एक परिचारिका महिनाभरासाठी चार शाळांना दिली. रॉजर्सबाईंनी किरकोळ दुखणी शाळेतच हाताळली आणि शाळा सुटल्यावर त्या मुलांच्या घरी गेल्या. औषध कसे लावायचे हे त्यांनी आईला करून दाखवले. महापालिकेने लवकरच आणखी बारा परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, ती १,१०१ वर आली.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या वर्षभरात आई-वडील अधिक प्रेमळ झाले, असे काही घडले नव्हते. घरापर्यंत कोणी तरी गेले, अडचण काय आहे ते पाहिले आणि त्या अडचणीला धरून उपाय केला, एवढेच घडले. ‘पालक निष्काळजी आहेत’ हा निवाडा देणे सोपे असते. पालक का येत नाहीत हे विचारणे कष्टाचे असते. रॉजर्सबाईंनी ते कष्ट घेतले.

तोच प्रश्न जिंतूर तालुक्यात विचारला तर उत्तरे तीन प्रकारची मिळतात.

पहिले पालक असे, की ज्यांना येणे शक्यच नसते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि त्याची वसुली होते. अशी मुले गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहतात. शाळेचा फोन दोन-तीनशे किलोमीटरवरच्या फडात वाजतो. आई तो घेते, रडते आणि ‘म्हातारीला सांगा’ म्हणते. म्हातारीजवळ रिक्षाचे पैसे नसतात आणि दवाखान्यात काय सांगायचे हेही तिला ठाऊक नसते. या आईला ‘येत नाही’ म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना शिक्षा सांगणारा २०१५ चा बालन्याय कायदासुद्धा एक गोष्ट मानतो. परिस्थितीच हाताबाहेरची असेल, तर जन्मदात्यांनी मुलाला जाणूनबुजून टाकले असे तो धरत नाही.

दुसरे पालक असे, की ज्यांचा शाळेवर विश्वास नसतो. पोरगे सोंग करते, बाईंना कटकट नको म्हणून घरी धाडतात, असे त्यांना वाटते. यात कधी थोडे तथ्यही असते. पोटदुखीचे कारण पुष्कळदा गणिताच्या तासात सापडते. परंतु ते ठरवण्याचा मार्ग एकच, मुलाला प्रत्यक्ष येऊन पाहणे. दुकानात बसून फोनवर रोगनिदान होत नाही.

तिसरे पालक असे, की जे येऊ शकतात, ज्यांचा विश्वासही असतो, आणि तरी जे येत नाहीत. त्यांच्याकडे दुचाकी असते, बहुधा चारचाकीही असते. शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर असते. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभे असते. व्यापारी कुटुंबांना हा तिसरा वर्ग परका वाटण्याचे कारण नाही.

या कुटुंबांत एक विशेष अडचण असते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घर भरलेले असते. आजोबा, आजी, काका, काकू, मोठी भावंडे अशी आठ-दहा माणसे असतात. शाळेत नोंदवलेला क्रमांक मात्र एकच, आणि तोही दुकानाचा. फोन येतो तेव्हा वडील समजतात की घरून कोणी जाईल. घरी समजतात की दुकानातून कोणी गेले असेल. आईला कळते तेव्हा गाडीची चावी दुकानात असते. एकत्र कुटुंबाचे बळ असे, की कोणी तरी असतेच. त्याची उणीवही हीच, की ‘कोणी तरी’ म्हणजे नेमके कोण हे ठरलेले नसते. बँकेतील खात्याला वारसाची नोंद करताना व्यापारी नाव, नाते, वय, पत्ता सर्व काटेकोरपणे लिहून देतो. शाळेच्या अर्जावर मात्र दुसऱ्या संपर्काच्या रकान्यात रेघ ओढतो. पहिल्या नोंदीची गरज मृत्यूनंतर पडते; दुसरीची गरज उद्याच पडू शकते.

शेवटी दुकानातल्या पोऱ्याला पाठवले जाते. ‘आमचा माणूस येतो आहे, त्याच्याबरोबर द्या.’ येथे शिक्षकांची कोंडी होते. मूल कोणाच्या हाती सोपवले याची जबाबदारी शाळेची असते. लेखी नोंद नसलेल्या माणसाच्या मागे तापलेले मूल गाडीवर बसवून देणे कोणत्याही शहाण्या मुख्याध्यापकाला पटणार नाही, आणि त्याने नकार दिला तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. पतपेढीचा रोखपाल अनोळखी माणसाच्या हाती हजार रुपये देत नाही, तेव्हा त्याच्या दक्षतेची स्तुती होते.

याच घरांतील दुसरी सवय अधिक धोक्याची. सकाळी अंग कोमट लागते. परीक्षा जवळ असते किंवा घरात पाहुणे असतात. मुलाला तापाच्या औषधाचा एक डोस पाजून शाळेत पाठवले जाते. औषधाचा अंमल चार-सहा तास राहतो. तो उतरला की दुपारी ताप पुन्हा चढतो, आणि तोपर्यंत मुलाने बाकावरच्या शेजाऱ्याला आपला आजार देऊन टाकलेला असतो. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत पसरतो. तापाच्या बाबतीत सर्वमान्य नियम असा, की औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही, तरच मूल शाळेत पाठवावे. आणखी एक गोष्ट पावसाळ्यानंतर ध्यानात ठेवावी. डेंगीत ताप उतरू लागतो तोच काळ, साधारण तिसरा ते सातवा दिवस, पुष्कळदा अधिक जोखमीचा असतो. त्या वेळी पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अतिशय ग्लानी यांपैकी काही दिसले, तर ‘ताप तर गेला’ म्हणून स्वस्थ बसणे जिवावर बेतू शकते. शाळेतून फोन आला की तासभर थांबू नये, याचे खरे कारण हे आहे. शंभरांपैकी बहुतेक वेळा काही गंभीर नसते. पण गंभीर असलेली ती एक वेळ कोणती, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

शाळेच्या बाजूने हा प्रसंग कसा हाताळावा, याचीही एक रीत आहे. अनुभवी परिचारिका जी करतात तीच शिक्षकांनाही साधता येते. पहिली गोष्ट, दोष न देता वस्तुस्थिती सांगावी. ‘तुम्हाला मुलापेक्षा दुकान मोठे झाले का?’ असे म्हटले की पलीकडचा माणूस मुलाचा विचार सोडून स्वतःच्या बचावाला लागतो. त्याऐवजी असे म्हणावे: ‘शेठजी, मुलाला एकशे दोन ताप आहे. दोनदा उलटी झाली. आम्ही त्याला निजवले आहे, साखर-मिठाचे पाणी देत आहोत. त्याला न्यायला कोण येते आहे आणि किती वाजता?’ यात ‘येणार का’ हा प्रश्नच नाही. कोण आणि केव्हा एवढेच विचारलेले आहे. उत्तर मिळाले की ते वेळेसह वहीत लिहावे आणि लिहीत आहोत हे सांगावे. ठरलेल्या वेळी कोणी आले नाही, तर दुसऱ्या क्रमांकावर फोन करावा.

मजुरी करणाऱ्या आईशी बोलताना प्रश्न वेगळा असावा. ‘मावशी, पोराला ताप आहे. तुम्हाला निघता येत नसेल तर मी तुमच्या मालकाशी बोलू का?’ या एका वाक्याने पुष्कळ काम होते, कारण अडचण नेमकी कोठे आहे ते ते ओळखते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडून निघण्यापूर्वीच एक चिठ्ठी घ्यावी: मूल आजारी पडल्यास कोणाला कळवायचे, दवाखान्यात कोणी न्यायचे, खर्चाचे पैसे कोणाकडे ठेवले आहेत.

काही प्रसंगी मात्र पालकांची वाट पाहायचीच नसते. साप किंवा विंचू चावणे, झटका येणे, श्वास लागणे, डोक्याला मार लागून उलटी होणे, शुद्ध हरपणे, अशा वेळी आधी १०८ ला फोन करावा, मग पालकांना. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. येलदरीहून जिंतूर चौदा-पंधरा किलोमीटर आणि जिंतूरहून परभणी आणखी सुमारे पंचेचाळीस. वेळ कोठे वाचवायचा हे या अंतरांवरूनच समजते. आणि एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये: आजारी मुलाला एकट्याने किंवा लहान भावंडाबरोबर घरी पाठवू नये.

येथवर विचार पालकांचा झाला. व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने त्याहून अवघड भाग पुढेच आहे. दुकानातील नोकर, गोदामातील हमाल, घरी धुणी-भांडी करणारी बाई यांचीही मुले शाळेत जातात, आणि दुपारी बारा वाजता त्यांनाही फोन येतो. पुष्कळ दुकानांत कामाच्या वेळी नोकरांचे फोन गल्ल्याशेजारच्या खणात ठेवून घेण्याची पद्धत आहे. तो खणात वाजतो आणि बंद होतो. शाळेच्या वहीत नोंद होते, ‘पालकांनी फोन उचलला नाही.’ खरे पाहता फोन न उचलणारा पालक नव्हता. खणाची किल्ली ज्याच्याजवळ होती तो होता. फोन हाती दिला, तरी ‘जा, पण अर्धा दिवस कापला जाईल’ हे वाक्य त्याच्यामागून येते. रोजावर घर चालवणारा माणूस मग मनातल्या मनात हिशेब करतो आणि तासाभरात येतो म्हणून सांगतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोठ्या आस्थापनांतील कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा दिली आहे. दोन-चार नोकरांच्या दुकानाला ती तरतूद लागू होत नाही. तेथे कायद्याची जागा मालकाच्या विवेकाला घ्यावी लागते. हिशेब मांडून पाहावा. समजा, नोकराचा रोज चारशे रुपये आहे. अर्ध्या दिवसाचे दोनशे. दुकानात तीन नोकर, आणि प्रत्येकाला मुलाच्या आजारपणासाठी वर्षातून तीनदा अर्धा दिवस जावे लागले, तर वर्षाचा खर्च अठराशे रुपये. पर्युषणातील एखाद्या बोलीत याहून मोठी रक्कम एका श्वासात उच्चारली जाते. ती बोली थोर आहेच. परंतु हे अठराशे रुपये कोणत्या खात्यावर लिहावेत, याचाही विचार व्हावयास हवा.

जैन परंपरेने त्याचे खाते केव्हाच काढून ठेवले आहे. सहा आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर, स्वाध्याय आणि ध्यान यांच्याही आधी, वैयावृत्त्य येते. उपवास हे बाह्य तप. सेवा मात्र आभ्यंतर तपांत गणली गेली. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ही सेवा ज्यांची करावयाची, अशा दहा जणांची गणना आहे. आचार्य, उपाध्याय आणि तपस्वी यांच्यानंतर तेथे शैक्ष येतो, आणि लगेच त्याच्या पुढे ग्लान. शैक्ष म्हणजे शिकत असलेला, ग्लान म्हणजे रोगाने पीडलेला. ती गणना मुनिसंघाला अनुलक्षून आहे, हे खरे. तरीही शिकणारा आणि आजारी यांना तेथे शेजारी शेजारी स्थान मिळाले आहे, ही गोष्ट श्रावकाला विचार करावयास लावणारी आहे. शाळेच्या सतरंजीवर तापाने निजलेले मूल एकाच वेळी शिकणारेही असते आणि आजारीही.

निर्विचिकित्सा अंगासाठी सांगितली जाणारी उद्दायन राजाची कथा घराघरांत ठाऊक आहे. परीक्षा पाहण्यासाठी आलेल्या रोगी मुनिवेषधारी देवाने आहारानंतर वमन केले. ते राजाच्या अंगावर उडाले, आणि राजाने किळस न मानता स्वतःच्या हातांनी त्याची शुश्रूषा केली. ही कथा व्याख्यानात ऐकताना माना डोलतात. शाळेत एखाद्या मुलाला उलटी होते तेव्हा ती पुसणारी, त्याचे तोंड धुणारी, आपल्या पदराने त्याला पुसणारी शिक्षिका किंवा खिचडी शिजवणारी बाई उद्दायनाचेच काम करीत असते. तिला धन्यवाद म्हणणे तर दूरच, ‘एवढ्यासाठी कशाला बोलावले’ असे तिला ऐकावे लागू नये.

चार दानांत औषधदानाचे स्थान सर्वांना माहीत आहे, आणि या समाजाने त्यासाठी दवाखाने व रुग्णालये उभारली आहेत. शाळकरी मुलांच्या निवासाची परंपराही मोठी आहे. कारंजा येथे १९१८ मध्ये गुरुकुल सुरू झाले, बाहुबलीला १९३४ मध्ये. तेथील गृहपतींनी आजारी विद्यार्थ्याच्या उशाशी रात्र काढावी हे गृहीतच होते, कारण आई-वडील शंभर कोसांवर असत. त्याच भावनेने आज लहान गावात करण्याजोगे बरेच आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. गावातील मंदिर समितीने किंवा महिला मंडळाने जवळच्या एका शाळेला एक खाट, गादी, चादरी, तापमापक, पडदा, एक बादली आणि क्षारसंजीवनीची पाकिटे द्यावीत. पाकिटे संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण भिंतीवर लिहून लावावे. निवृत्त, सवड असलेल्या दोन-तीन गृहस्थांची वा भगिनींची नावे मुख्याध्यापकांकडे द्यावीत. पालकांची संमती घेऊन, शिक्षकांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊन, त्यांनी मुलाला दवाखान्यात पोहोचवावे. हे काम वर्षातून दहा-पंधरा वेळा पडेल. त्यासाठी फलक लावण्याची किंवा छायाचित्र काढण्याची आवश्यकता नाही.

या सगळ्यात मूल काय शिकते, हा प्रश्न शेवटी उरतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फोन झाला, वडील रागावून आले, रस्ताभर ‘धंद्याच्या वेळी बोलावतोस’ म्हणून बोलत राहिले, तर मूल त्या दिवशी एक गोष्ट पक्की करते. पुढच्या वेळी दुखले तरी सांगायचे नाही. आठ वर्षांचे मूल पोटदुखी लपवते. चौदा वर्षांचे मूल त्याहून मोठ्या गोष्टी लपवू लागते. फोन झाला आणि कोणी आलेच नाही, तर ते आपली किंमत स्वतःच ठरवून घेते. आणि कोणी तरी वीस मिनिटांत आले, कपाळाला हात लावला, काही न विचारता पाण्याची बाटली हातात दिली, तर ताप दोन दिवसांत विसरला जातो, पण ते येणे विसरले जात नाही. वृद्धपणी आई-वडिलांचा फोन दूरच्या शहरात वाजेल, तेव्हा हे मूल तो कसा घेईल याचा पाया तेथेच पडलेला असतो.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक घराने एका संध्याकाळी बसून तीन नावे ठरवावीत: शाळेतून फोन आल्यास प्रथम कोण जाईल, तो नसेल तर कोण, आणि तोही नसेल तर कोण. ती नावे, नाते आणि क्रमांक मुख्याध्यापकांना लेखी द्यावेत व त्या तिघांना शाळेत एकदा नेऊन दाखवावे. नवीन चोपडी पूजनाच्या दिवशी दुकानात एक नियम करावा, की नोकराचा शाळेतून आलेला फोन त्याच्या हाती लगेच दिला जाईल आणि मुलाच्या आजारासाठी गेलेल्या त्याच्या अर्ध्या दिवसाचा पैसा कापला जाणार नाही. गिऱ्हाईक अर्धा तास थांबते. न थांबले तर उद्या येते. आजारी मुलाला मात्र त्या दिवशीच कोणी तरी घ्यायला यावे लागते.